धूर बंद

लासुर्ण्याजवळ मला गाडीत घेणाऱ्या त्या आबांची जुनी गाडी इतका धूर सोडायची की मागचा ऊस दिसत नसे. निघताना त्यांनी इंजिन ऑइलमध्ये कसल्याशा औषधाची बाटली ओतली आणि बॉनेट मायेनं थोपटलं.

"झिजलेलं इंजिन बाटलीनं भरून येत नाही, आबा. ही लूट आहे!" मी गरजलो.

"इश्वास न्हाय, तर उतरा की."

इंदापूरच्या सभेत फसव्या औषधांविरुद्धची पत्रकं वाटायची होती, तरी तत्त्वासाठी मी उतरलो आणि उन्हात चालू लागलो.

पुढच्याच वळणावर गाडी बंद पडलेली दिसली. आबा मागे उभे राहून धुराच्या नळीकडे कौतुकानं बघत होते.

"बगा, धूर पार बंद झाला!"

अशा माणसासाठी कुणी पत्रक लिहिलेलंच नाही. मी धक्का मारायला लागलो.