गव्हाच्या बिअरमधले धने

मी बिअर पीत नाही. कामापुरता एक घोट तोंडात घेते, घोळवते आणि थुंकते. तरीही नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवनपासून सायकलवर पंधरा मिनिटांवर असलेल्या एका छोट्या ब्रुअरीतली पांढरी बिअर आज जशी लागते, ती माझ्यामुळे लागते. हे मी लाजतबुजत सांगत नाही. संधी मिळाली की सांगतेच.

नवऱ्याच्या नोकरीमागे मी इथे आले. पुण्यात फूड टेक्नॉलॉजी शिकलेली बाई, पण इथे चार वर्षं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न यायचा, मिस्टर कुठे असतात. मला त्याचा मनस्वी राग यायचा. शेवटी मोडकंतोडकं डच जमायला लागल्यावर मी त्या ब्रुअरीत तीन महिन्यांच्या बोलीवर काम धरलं. काम करणारे दोघंच, साठीचे मालक आणि मी. पहिले दोन महिने पिंपं धुतली आणि बाटल्यांना लेबलं लावली.

तिथली पांढरी बिअर मालकांच्या वडिलांची. पद्धत मूळ बेल्जियमची, सीमा तशी जवळच आहे. कच्चा गहू, जवाचं माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, कडवटपणापुरती थोडी हॉप्सची फुलं, कडू संत्र्याची वाळलेली साल आणि धने. धने ऐकून मला हसूच आलं होतं. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मालकांना ती चव साधत नव्हती. त्यांची नव्वदीला टेकलेली आई मागच्या घरात राहायची. प्रत्येक खेपेचा पहिला ग्लास तिला. ती अर्धा प्यायची, बाकीचा बाजूला सारायची आणि म्हणायची, चांगली आहे, पण त्याची नाही. मालकांनी यीस्ट बदललं, गहू बदलला, पाणीसुद्धा बदलून पाहिलं. त्या वसंतात त्यांनी मला सांगितलं की ही शेवटची खेप. जमली नाही तर ही बिअर बंद.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच मला धने भरडायला दिले. पिशवी उघडली आणि मी थांबले. मोठे, गोल गरगरीत दाणे. वास उग्र, हिरवट, सेलरीच्या जुडीसारखा. आपले धने लहान, लांबट असतात आणि चुरडले की लिंबाच्या सालीची आठवण करून देतात. हे धने घालू नका, असं मी त्यांना सांगितलं. घालू नका म्हणजे काय, वर्षानुवर्षं हेच येतात, असं ते म्हणाले. आणि वर म्हणाले, "तू तर बिअर पीतही नाहीस."

"बिअर मला कळत नाही," मी म्हणाले. "धने कळतात."

तिकडे गव्हा-जवाचा पाचशे लिटर रस उकळत होता. अजून तासभर उकळणार होता आणि धने शेवटच्या दहा मिनिटांत पडायचे होते. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि तुझे धने घेऊन ये म्हणाले. तोंडाने बोलणं सोपं असतं, हे मला सायकलवर बसल्यावर कळलं. वारा नेहमीप्रमाणे समोरून. बिअर बिघडली असती तर त्यांच्या वडिलांची आठवण माझ्या हातून संपली असती, आणि माझी फटकळ जीभ पुन्हा घरी बसली असती.

घरी पोचून माझ्या आईने पाठवलेला किलोभर धन्यांचा डबा मी काढला. हात सवयीने गॅसकडे गेला. घाईत मी मूठभर धने कढईत टाकून परतायलाही लागले. खमंग वास आला तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. बाई, तुला आमटी करायची आहे का? लिंबाचा वास हवाय तर भाजतेस कशाला? कढई तशीच सिंकमध्ये टाकली आणि डबा घेऊन पळाले.

परत पोचले तेव्हा धने टाकायला पाच-सहा मिनिटं उरली होती. मालकांनी चार दाणे तळहातावर चोळले आणि बराच वेळ हुंगत राहिले. मग हळू आवाजात सांगू लागले. वडील रॉटरडॅमच्या, भारतातून माल मागवणाऱ्या एका जुन्या व्यापाऱ्याकडून मसाले आणायचे. वडील गेले त्याच वर्षी ते दुकान बंद झालं आणि मालक कॅटलॉगमधून मागवू लागले. धने ते धने, असं त्यांना वाटलं होतं. एवढं बोलून त्यांनी वजन केलं, धने भरडले, भरड माझ्या हातात दिली आणि तूच टाक म्हणाले. मी टाकली.

पुढचे तीन आठवडे, बिअर आंबून तयार होईपर्यंत, मी कुणाशी धड बोलले नाही. नवरा समजूत घालायला गेला, नाही जमलं तर दुसरं काम मिळेल म्हणाला, तर मी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. मला दुसरं काम नको होतं. माझं खरं ठरायला हवं होतं.

चव सकाळी दहाला बघायची, जीभ ताजी असताना, असा तिथला रिवाज. आम्ही दोघं मागच्या घरी गेलो. मालकांनी आईच्या हातात ग्लास दिला. तिने आधी तो नाकाजवळ धरून हुंगला. मग एक घोट घेतला, मग दुसरा. अर्ध्यावर ती थांबेल म्हणून मी तिच्या हाताकडेच बघत होते. ती थांबली नाही. ग्लास रिकामा झाल्यावर तिने मुलाला एवढंच विचारलं, "कुणी केली?"

मालकांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. मला इतका अभिमान वाटला की रडू येईल याची भीती वाटली. म्हातारीने मला नीट न्याहाळलं. मिस्टर कुठे असतात, असं काही विचारलं नाही. रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला आणि मी तो काठोकाठ भरला.