काचेच्या कपाटातली पुस्तकं

काल हिंदी मुलखातल्या, शिंदे की छावनीतल्या आमच्या जुन्या घरी काचेचं कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा तोच वास नाकात शिरला.

सात वर्षांची होते मी. पुण्याच्या आत्याने पाठवलेलं परीकथांचं पुस्तक गुपचूप काढलं आणि तीळगुळाची गजक खाऊन चिकट झालेलं बोट परीच्या पंखावर उमटलं. बाबांनी पुस्तक हिसकावलं.

"पुण्याचे पाहुणे आले की दाखवायचीत ही! आपली मुलं मराठी वाचतात, कळू दे त्यांना."

कुलूप लागलं. मी शाळेतलं हिंदीच वाचत मोठी झाले.

काल तेच पुस्तक नातीपुढे धरलं.

"आजी, तूच वाच ना. मुझे समझ नहीं आता."

दुसऱ्याच ओळीला मी अडखळले. मलाही सगळं कुठे कळत होतं!

पंखावरचा डाग मात्र अजून होता. त्या पुस्तकाला आमच्या घरातल्या लेकराचं बोट लागलं, ते तेवढंच.