बुलेटप्रूफ जॅकेटची पूजा

हा किस्सा मी सांगू नये असं हिचं म्हणणं आहे. पण तुम्ही इथून ओमतीच्या चौकापर्यंत जाल आणि कोणाकडून तरी तिखटमीठ लावून ऐकालच. त्यापेक्षा बसा, चहा येतोय, माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

तर मी फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस. जबलपुरात नुसतं 'फॅक्टरी' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तोफा, बॉम्ब, दारूगोळा लोक आपोआप धरून चालतात. मी चौतीस वर्षं फॅक्टरीत होतो हे शंभर टक्के खरं. फक्त रजा विभागात होतो. कोणाची किती रजा शिल्लक आहे, कोणाची आजी कितव्यांदा वारली, हे माझं शास्त्र. बंदूक मी पाहिली ती गेटवरच्या शिपायाच्या खांद्यावर, तीही लांबून.

पण हे मी कोणाला सांगितलंय कधी? छे! लग्नाकार्यात कोणी विचारलं, "काय मग, आजकाल काय बनवून राहिले?" की मी गूढ हसायचो आणि म्हणायचो, "ते सांगता येत नाही." खोटं नव्हतं हो! मला माहीतच नव्हतं, तर सांगणार काय?

झालं असं, की भोपाळहून माझी भाची केतकी आली. वर्तमानपत्रात फोटोग्राफर आहे. सत्तावीस वर्षांची पोरगी, अंगानं काडी, पण कॅमेरा गळ्यात पडला की कुठंही घुसते. या वेळी तिला पंधरा दिवस अशा जंगलात जायचं होतं जिथं खरोखरची गोळी चालते. सोमवारी गाडी होती. ऑफिसनं सांगितलं होतं, बुलेटप्रूफ जॅकेट स्वतःच्या मापाचं घेऊन या.

"मामा, मुझे तो इसमें कुछ समझता नहीं," ती म्हणाली. "तुम्ही फॅक्टरीत होते ना? तुम्हीच निवडून द्या. आई बोलली, मामा आहे तर टेन्शन नाही."

त्याच क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्यातून निघालं काय? "अगं, हा तर माझ्या हातचा मळ!"

खालच्या मजल्यावरचे मेश्राम तेव्हा पायरीवर पेपर वाचत बसले होते. तेही फॅक्टरीतूनच रिटायर. आमचं बोलणं ऐकून म्हणाले, "मी येऊ का साहेब संगं? पाहून घेऊ."

मेश्राम अबोल माणूस. ते कोणत्या विभागात होते हे मी कधी विचारलं नव्हतं. जो स्वतःहून सांगत नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखं काय असणार? "राहू द्या हो," मी म्हणालो, "जरा टेक्निकल काम आहे."

हो, अगदी याच शब्दांत म्हणालो.

शनिवारी सकाळी आम्ही सदर बाजारातल्या एका दुकानात गेलो. वर्दी, बूट, टोप्या, सगळा असला माल. दुकानदारानं एक बंडीसारखं जाड जॅकेट काढलं. त्याला म्हणतात प्लेट कॅरियर. त्याच्या पुढच्या-मागच्या खिशात प्लेटा सरकवायच्या, आणि गोळी अडवतात त्या प्लेटा. नुसतं जॅकेट काही कामाचं नाही. हे मला तिथंच, त्या मिनिटाला कळलं. चेहऱ्यावर मात्र दिसू दिलं नाही.

"दादा, पहले प्लेट का नाप तय कर लो," दुकानदार म्हणाला. "फिर कैरियर उसी नाप का दूँगा."

"भैया, पहले कोट बनता है कि पहले बटन?"

तो गडबडला. "दादा, ये कोट नहीं है..."

"चौंतीस साल फैक्टरी में रहा हूँ."

बिचाऱ्यानं हात जोडले. "तब तो आप ही हमें सिखाइए!"

मग काय, मी शिकवलं! जॅकेट घेतलं सगळ्यात मोठं. केतकीनं ते अंगात घातलं आणि म्हणाली, "मामा, इसमें दो केतकी आ जाएँगी."

"असू दे. आत स्वेटर घालता येतो. कपडा नेहमी वाढत्या अंगाचा घ्यावा."

आमच्या वडिलांनी मला सातवीत घेतलेली पँट कॉलेजात अंगाला बसली. आमच्या घराण्याचं हे शास्त्र आहे, त्याला आव्हान देणारी केतकी कोण? प्लेटा मात्र घेतल्या सगळ्यात लहान, कारण पोरगी लहानखुरी. आता तुम्हीच सांगा, यात चूक काय? पोरगी लहान, म्हणून प्लेट लहान. पोरगी वाढेल, म्हणून जॅकेट मोठं!

"दादा, प्लेट अंदर खेलेगी," दुकानदारानं शेवटचा प्रयत्न केला.

"खेलने दो. हवा लगेगी."

प्लेट सिरेमिकची होती. मी ती माठ वाजवून बघतात तशी टिचकी मारून बघितली. आवाज चांगला आला. पास!

संध्याकाळी पूजा ठेवली. नवी सायकल आणली तरी आपण नारळ फोडतो, मग हे तर कवच. बिल्डिंगमधली पंधरा-वीस माणसं बोलावली. कोणासाठी? केतकीसाठी म्हणा, खरं कारण तुम्हाला कळलंच आहे. हिनं बाजारात कानाशी हलवून-हलवून एक नारळ निवडून आणला होता.

आधी जॅकेट मीच घालून दाखवलं. भल्यामोठ्या खिशातल्या त्या लहानशा प्लेटा सरसर खाली आल्या आणि पुढची बरोबर माझ्या पोटावर झाकणासारखी बसली.

"मामा, छाती तो पूरी खुली है!" केतकी ओरडली.

"पोट झाकलं की सगळं झाकलं," मी म्हणालो. "माणूस धडपडतो कशासाठी? पोटासाठी!"

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडल्या की मला थांबता येत नाही, हा माझा जन्मजात रोग. म्हटलं, नारळ दगडावर कशाला? प्लेटवरच फोडतो! ताकद तरी दिसेल. पुढची प्लेट काढली, पायरीवर पालथी ठेवली आणि नारळ हाणला. नारळ उसळला. दुसरा घाव. पुन्हा तेच. तिसरा घाव इतक्या जोरात घातला की प्लेट घसरली आणि कोपऱ्यावर खालच्या फरशीवर आदळली. टच्च!

"बघा!" मी नारळ उंच धरून ओरडलो. "नारळाला चीरसुद्धा नाही!"

"साहेब," मागून मेश्राम म्हणाले, "नारळ नका पाहू. प्लेट पाहा."

त्यांनी प्लेट उचलली, बोटानं ठोकली, कानाशी नेऊन हलवली. आत बारीक खरखर झाली.

"फुटली. वरतून कापड हाये, म्हणून दिसून नाही राहिली. हे सिरेमिक हाये साहेब, कपबशीची जात. गोळी लागली की सोता फुटते अन् माणसाले वाचवते. असं एकदाच करते. तुम्ही ते एकदा नारळावर खर्च केलं."

मग त्यांनी केतकीला ते जॅकेट घालायला सांगितलं. "अन् हे एवढं ढिलं काहून?"

"वाढत्या अंगाचं..." मी पुटपुटलो.

"सत्तावीसची पोरगी आता कुठं वाढून राहिली, साहेब?" त्यांनी केतकीच्या गळ्याखालची खोबण दाखवली. "प्लेट इथून सुरू झाली पाह्यजे. बेंबीच्या चार बोटं वर संपली पाह्यजे. मधात काय येते? दिल अन् फेफडे. तेच झाकाचं असते. आधी माणसाचं माप, मग प्लेट, मग प्लेटच्या मापाचं जॅकेट. साहेब, तुमचं दिल कुठं हाये?"

मी घाबरून हात पोटावर ठेवला.

"खरंच सांगून राहिले हो ते," ही म्हणाली. "यांचं तिथंच आहे."

बिल्डिंग हसून लोटपोट! केतकी मात्र हसत नव्हती. त्या ढगळ जॅकेटात उभी राहून ती हळूच म्हणाली, "मामा, मी हेच घालून जाणार होते."

खरं सांगतो, त्या वाक्यानं मला घाम फुटला. माझ्या बहिणीची एकुलती एक पोर, आणि मी तिची छाती उघडी टाकून माझी प्रतिष्ठा झाकत होतो! इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. सगळ्यांसमोर कबूल केलं, "केतकी, मी रजा विभागात होतो. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मेश्राम, तुम्ही कुठं होता?" मी विचारलं. पंधरा वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा.

"टेस्टिंगमदे. याच प्लेटांवर गोळ्या मारून पाहत होतो."

"कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कधी पुसलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही रजेत होते, हे मले मालूम होतं. माह्या पोरीच्या लग्नाच्या रजेवर तुमचीच सही हाये. म्हणून तर म्हटलं होतं, संगं येतो."

म्हणजे हा माणूस पंधरा वर्षं माझं ते गूढ हसू पाहत होता आणि कोणाजवळ एक शब्द बोलला नव्हता! दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं त्यांच्या मागं दुकानात गेलो. त्यांनी टेपनं माप घेतलं, प्लेट निवडली, तिच्या मापाचं जॅकेट काढलं, पट्टे आवळले, केतकीला खाली बसवलं, वाकवलं, जिन्यावरून पळवलं. प्लेट जागची हलली नाही. दुकानदार त्यांना "गुरुजी" म्हणत होता. माझ्याकडे बघून तो एकदाही हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.

सोमवारी निघताना केतकीनं आधी मेश्रामांना वाकून नमस्कार केला, मग मला. मी म्हणालो, "जपून जा गं बाई."

"जाते मामा. जॅकेट एकदम पक्कं आहे." मग ती मामीच्या गळ्यात पडली आणि मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "मामी, अगली बार काही घ्यायचं असेल तर मामांना घरीच ठेवा, तुम्ही चला. सगळ्या खरेदीत एक तुमचा नारळच बुलेटप्रूफ निघाला!"