मागच्या दाराचा एक आणा

पीठ चाळताना कोंडा साठतो, तसे मास्तरांच्या घरात किस्से साठतात. कोंडा गाईपुढे टाकता येतो. किस्से कुणापुढे टाकायचे? म्हणून तुमच्यापुढे टाकते. खोटे वाटले तर वाटू द्या. मी कुणाच्या शाळेत गेले नाही, तेव्हा कुणाच्या शेऱ्याला भीतही नाही.

निजामाचं राज्य होतं. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, बीडात आमच्याच ओसरीवर वर्ग चालवायचे. पटवारी व्हायला निघालेले गावोगावचे गडी यायचे. शेताचा एक तुकडा कापून अख्ख्या शेताच्या पिकाचा अंदाज कसा बांधायचा, सरासरी कशी काढायची, हे मास्तर शिकवत. रोज घरी करायला हिशेब देत आणि तपासून गुण देत. गुणसुद्धा पिकाला देतात तसे, आण्यांत! सोळा आणे म्हणजे भरलं शेत आणि पुरा शेतसारा, चार आणे म्हणजे दुष्काळ आणि सारा माफ.

नियम एकच. दिवेलागणीच्या आत हिशेब ओसरीवर पोचला पाहिजे. नंतर पुढचं दार बंद. उशीर करणाऱ्यानं मागच्या दारानं यायचं, चुलीपाशी माझ्या हातात कागद द्यायचा, आणि त्याचा एक आणा कापला जायचा. मागच्या दाराची सुभेदारी माझी होती!

*

पाली गावचा गेनबा हिशेबाला पक्का. एकदा त्याला चौदा आणे मिळाले. एवढे पहिल्यांदाच मिळाले म्हणून तो घरी जाऊन सांगून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा बाप ओसरीवर हजर. तोंड सुतकासारखं.

"मास्तर, चौदा आणे कावून लावले? एवढं न्हाई हो पिकलं आमचं पोरगं. सहा लावा."

हे शेताचे आणे नाहीत, अकलेचे आहेत, असं मास्तरांनी त्याला नाना परींनी समजावलं. तो सगळ्याला मान डोलवत होता. शेवटी जवळ सरकून हळूच म्हणाला, "ते समदं खरं. पर शेतसारा कुणावर बसंल?"

मास्तर वैतागून बारावर आले. तो आठच्या वर सरकेना. दहावर पटलं. बाप समाधानानं पाणी पिऊन गेला. गेनबा कितीतरी दिवस बापाशी बोलत नव्हता!

*

युसूफ वडगाव गावचा गफूर उशिराचा राजा. कारणं मात्र ताजी आणायचा. आज बैल कागदावर बसला, उद्या शाई शेळीनं सांडली.

एकदा तो दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याला मागच्या दाराशीच पकडलं. मी चुलीपाशी होतेच. गफूर म्हणाला, नारायणगडाच्या जत्रेत गेलतो.

मास्तरांना तेच हवं होतं. "मीही गेलो होतो जत्रेला. तू कुठं दिसला नाहीस!"

"तुमी न्हाई पायलं मास्तर, म्या पायलं. तुमी भजी खाऊलालते, म्हनून म्होरं आलो न्हाई."

त्या दिवशी मास्तरांना कडक उपास होता. घरातून निघताना मीच हातावर दोन खजूर ठेवले होते.

मास्तर खोकले. मी नुसता कालथा खाली ठेवला. गफूरचा आणा त्या दिवशी कापला गेला नाही.

*

आता माझं सांगते. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. शिकवा म्हटलं तर मास्तर म्हणायचे, आधी घरातलं उरक.

उरकलं! मागच्या दाराला मी माझा एक नियम लावला. कागद द्यायच्या आधी मला तो वाचून दाखवायचा, बोट ठेवून.

गेनबानं विचारलं, "काकू, तुमाला कळतंय का ह्यातलं?"

म्हटलं, "कागद चूल पेटवायला गेला तर तुझंच नुकसान. काय हाय ते ठाऊक नको? वाच."

ते वाचत, मी राखेत काटकीनं गिरवत बसे. अक्षरं आली, बेरीज आली, भागाकार आला, सरासरीही उमगली. दुसऱ्याचं उतरवून आणणाऱ्याला तर स्वतःचाच कागद वाचता यायचा नाही. त्याला मी परत पाठवायची.

पण शिकायचं तर लोकांना उशीर व्हायला हवा. म्हणून दिवेलागणीच्या सुमाराला मी पिठल्याला फोडणी द्यायला लागले. वास ओसरीपर्यंत जायचा आणि मागं येणाऱ्याला भाकरीवर पिठलं मिळायचं. हळूहळू पुढचं दार ओस पडलं आणि मागं रांग लागली. एक आणा गेला तर गेला, पिठलं कुठं मिळतं?

*

मास्तर भडकले. म्हणाले, उद्यापासून उशिराचा हिशेब घ्यायचाच नाही, मागचं दार बंद.

पोरांचं पिठलं जाणार होतं, माझी शाळा बुडणार होती! आणि सांगते कुणाला?

त्या दिवशीचा हिशेब होता, घरातल्या कशाचीही सरासरी काढा. मी एका भाकरीला लागणाऱ्या पिठाची काढली. कागदावर लिहिली, शाईनं, आणि उशिराच्या गठ्ठ्यात सारली. खाली नाव घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मास्तर दार लावायला म्हणून गठ्ठा घेऊन मागं आले आणि उंबऱ्यावर बसून तपासायला लागले. मी भाकऱ्या थापत होते. एका कागदाशी ते थांबले.

"हे अक्षर गेनबाचं नाही, गफूरचंही नाही. हिशेब मात्र चोख. सोळा आणे." मग बोरू उचलला. "पण मागच्या दारानं आलाय. एक कमी. पंधरा. कुणाचा हा?"

"माझा."

मास्तरांनी कागद दिव्यापाशी धरून पुन्हा वाचला. पण मास्तर शेवटी मास्तरच. म्हणाले, "मग नियम तुलाही लागू. उशीर झाला."

मी पिठाचे हात झटकले. "उशीर कशानं झाला, ते इचारा की."

त्यांनी चुलीकडे पाहिलं. परातीकडे पाहिलं. मग बोरू कानावर अडकवला, मला बाजूला सरकायची खूण केली आणि परातीपुढे मांडी घालून बसले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!

तेवढ्यात मागं रांग आलीच. गफूरनं आत डोकं घातलं. "मास्तर, दार बंद करनार हुते ना?"

मास्तरांनी मान वळवली नाही. "राहू दे. धूर कुठून जाईल?"

भाकरी झाली. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला भोक. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. मी तुकडा मोडला, चावला. सगळी रांग माझ्या तोंडाकडे बघत होती.

"किती आणे?" मास्तरांनी विचारलं.

"चार," मी म्हटलं. "उशिराचा एक कापला. तीन."