नुसतं बसायला

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी माझा नवरा गेला. सेलूहून कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता. खोकून खोकून वाळला. मोठ्या दवाखान्यात त्याचं रक्त तपासलं, मागोमाग माझं आणि लेकीचं. आम्हा दोघांना एड्सचा रोग निघाला. लेकीला काही नव्हतं.

तेरावा झाला आणि सासऱ्यांनी मला शेतातल्या आखाड्यावर, बैलांच्या गोठ्यालगतच्या खोपीत, राहायला सांगितलं. लेक गावात थोरल्या जावेपाशी राहिली. जाऊ भाकरी बांधावर ठेवून मागं फिरायची. मी दिवसभर बैलांशी बोलायचे.

ओढ्यापलीकडं एक म्हातारी हातभट्टीची दारू विकायची. एका दुपारी तिनंच हाक मारली, "ये गं, बस घडीभर." बाजेवर शेजारी बसवलं, सगळ्यांच्याच गिलासात मला दिली. घशात आग पडली, पण नवरा गेल्यापासून इतक्या जवळ कुणी बसलं नव्हतं. तिच्या शेळ्यांना पाला तोडून द्यायचा आणि प्यायची, असं रोजचं झालं. आधी बसायला मिळावं म्हणून प्यायचे. मग प्यायल्याशिवाय हात थरथरायला लागले. प्यायलं की आपण मरणार, हे थोडा वेळ विसरायला व्हायचं.

एकदा जाऊ लेकीला घेऊन आली. मी कवेत घ्यायला गेले, तर ती जावेच्या पदराआड शिरली. "आई, तुझा वास यायलाय."

जावेचे डोळे भरले. "आसं पीत नको गं जाऊ. लेकरू लय भ्यायलंय."

दुसऱ्या दिवशी मी म्हातारीला म्हणाले, "आज घेणार न्हाई. नुसतं बसू द्या."

ती खाली बघत म्हणाली, "बस म्हणलं आसतं, बाई. पण तुझ्या रोगाचं समद्यांना कळलंय. गिऱ्हाईक तुटायलंय. आता येऊ नको."

मी उठून आले. पुढचे काही दिवस कापरं भरायचं, ओकाऱ्या व्हायच्या. तरी पुन्हा प्याले नाही. एकटीनं प्यायची मला भीती वाटायची.

बऱ्याच वर्षांनी सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळू लागल्या, म्हणून वाचले. लेक अधूनमधून यायची, दारात बसून शाळेतलं सांगायची, ऊन कललं की निघायची. तिच्या लग्नात आई म्हणून जाऊच उभी राहिली. मी मांडवात मागं सतरंजीच्या कडेला बसले होते. शेजारच्या पाहुणीनं विचारलं, "तुमी नवरीच्या कोण?"

"त्यांच्याच गावची," मी म्हणाले. तिनं सरकून मला जागा करून दिली.