बापू आणि सरांची खुर्ची

आमच्या बॅचची मंडळी चहाला जमली, की पहिली पाच मिनिटं ब्लडप्रेशर आणि मग बापू. बापूचे किस्से गुऱ्हाळावरच्या चिपाडासारखे; एक जाळात घालावं तर कुणीतरी दोन आणून टाकतंय. त्यातले निम्मे मी रचलेत, असं लोक म्हणतात. निम्मेच?

* * *

आमचे मराठीचे सर कुणाला शाब्बास म्हणत नसत. निबंध आवडला, तर स्वतःची खुर्ची सोडून त्या पोराला तिथं बसवायचे, मागच्या भिंतीला टेकायचे आणि म्हणायचे, "बसून वाच. मोठ्यानं. मागं ऐकू आलं पाहिजे."

मॅट्रिकपर्यंत अर्धा वर्ग त्या खुर्चीत बसून आला. बापू न्हाय. गाईवर निबंध लिहायला सांगितला, तर ह्यानं गाय घेताना बाजारात झालेल्या मारामारीवर लिहिला. निरोपाच्या दिवशी सगळे रडत होते, हा खुर्चीकडं बघत होता. मला म्हणाला, "एकदा तिथं बसणार की मी."

* * *

पुढं बापू नगरपालिकेला उभा राहिला. समोर गल्लीतला एक पैलवान. मतं मागत बापू घरोघर फिरला आणि सरळ पैलवानाच्याही घरात शिरला! पैलवानाच्या आईनं पाट मांडला. "पावणं, जेवल्याबिगर जायाचं न्हाय." तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, बापू घाम पुसत बाहेर आला.

संध्याकाळी सभा. बापू माईकवर म्हणाला, "ह्यांच्या घरचं मीठ खाल्लंय. वाईट बोलणार न्हाय. माणूस चांगला हाय."

लोकांनी पैलवानाला निवडून दिलं.

आम्ही तोंडं पाडून बसलो, तर बापू खुशीत. "बघितलंस? माझ्या शब्दाला गावात किती वजन हाय!" मग हळूच विचारलं, "सर आलते न्हवं सभेला? काय म्हणाले?"

काहीच म्हणाले नव्हते.

* * *

मग गडमुडशिंगीच्या रस्त्याला गुऱ्हाळ. आता गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय सोडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. एकदा एसटीचा ड्रायव्हर थांबला. दुसऱ्या दिवशी अख्खी गाडी उतरली. आठवड्याभरात चंदगडची गाडी, जिचा हा रस्ताच नव्हे, तीही वळसा घालून यायला लागली. हंगाम संपला तेव्हा विकायला गूळच नव्हता!

गुऱ्हाळ बंद पडलं, पण थांबा राहिला. कंडक्टर अजून त्याच्याच नावानं तिकीट फाडतो.

सरही एकदा तिथं रस पिऊन गेले. त्यांचं मत आणायला बापूनं मला सायकलवरून पिटाळलं. सर म्हणाले, "आलं जास्त झालं होतं."

* * *

त्यानंतर उचगावला त्यानं पंपांचा कारखाना काढला आणि तो धडाक्यात चालला. त्यात किस्सा न्हाय, म्हणून आम्ही कुणी सांगत न्हाय.

* * *

कारखान्यातच बापू कथा लिहायला लागला. जेवणाच्या सुट्टीत कामगारांना वाचून दाखवायचा. एका कथेत म्हातारी मरणार असा रंग दिसला, तसा फिटर डबा बंद करत म्हणाला, "मालक, म्हातारी गेली तर उद्यापास्नं मी येत न्हाय."

बापूनं म्हातारी वाचवली. पुस्तकाला बक्षीस मिळालं. परीक्षकांना सगळ्यात जास्त आवडली ती म्हातारीच!

* * *

शाळेनं त्याचा सत्कार ठेवला. मांडव नको, आपलाच वर्ग पाहिजे, असा बापूचा हट्ट. आम्ही टक्कल पडलेले गडी पोटं आवळून त्याच बाकांत बसलो. अध्यक्ष म्हणून सर आपल्या जुन्या खुर्चीत. बापू शेजारी उभा राहून कथा वाचायला लागला. पंपांच्या परिषदेत गरजणारा माणूस, पण आवाज दुसऱ्या बाकापलीकडं जाईना.

पहिलं पान संपलं आणि सर काठी टेकत उठले. त्यांना बरं वाटत नसेल, असं समजून मुख्याध्यापक धावले. सरांनी त्यांना हातानंच बाजूला केलं. बाकांमधून एकेक पाऊल टाकत गेले आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

बापू वाचायचा थांबला. खुर्चीकडं बघत राहिला.

मागून सरांचा आवाज आला, "बसून वाच. मोठ्यानं."