खिंडीतली मोजणी

भुताखेतांची पुस्तकं मी वाचकांना काढून देतो, स्वतः घरी नेत नाही. शिरूरच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. चकवा, झपाटणं, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरी हे लिहितोय. दोनदा लिहून फाडलंय. पण ही गोष्ट भीतीची नाही, माझ्या मित्राची आहे, आणि ती चार लोकांनी वाचावी असं फार वाटतं.

मित्राचं नाव बिरू. शिरूरहून पाबळकडे जाणाऱ्या एसटीने तासभर गेलं की डोंगराच्या पायथ्याशी त्याचं घर. वडिलांनी मेंढरं विकून विहीर काढली, बिरू कांदा करायचा. पण लहानपणी आजोबांबरोबर कळपामागे हिंडलेला. थंडीत खांद्यावर काळी घोंगडी असायचीच.

१९९६ पासून थंडीतल्या रविवारी आम्ही तो डोंगर चढायचो. शिवणकाम करणारे रफिकभाई, दौंडहून येणारा रेल्वेतला क्लार्क सतीश, त्याच्या ऑफिसातले तिघे आणि मी. आम्ही सहा, सातवा बिरू. वर जाऊन भाकरी खायची, लांबवर दिसणारी नदीची रेघ बघायची, आणि उन्हं उतरायच्या आत खाली.

उतरताना शेवटच्या टप्प्यात एक खिंड लागते. दोन कातळ, मधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी फट. बिरू तिथे कातळाला टेकून उभा राहायचा आणि पुढून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारायचा. दोन थापांना एक आकडा — "दोन... चार... सहा." त्याचे आजोबा मेंढरं अशीच मोजायचे म्हणे. मोजताना तो आमच्याकडे बघायचाच नाही. नजर वरच्या वाटेवर.

"हात मोजतो, सर. डोळं मागं ठेवायचं. मागं ऱ्हायलेलं डोळ्यालाच दिसतं."

सतीश चिडवायचा, "अरे, सहा माणसं आहेत, सहाशे मेंढरं नाहीत."

"मेंढरं बरी. ती फोटो काढाया थांबत न्हाईत."

एका वर्षी मोजणी "दोन... चार... आन् एक" अशी आली. रफिकभाई नव्हते. आम्ही गप्पांच्या नादात, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बिरू त्याच पावली वर गेला. पाय मुरगळून बसलेल्या रफिकभाईंना त्याने पाठीवर घेऊन खाली आणलं. "मेंढरू असतं तर इकून टाकलं असतं, रफिकभाई," म्हणाला, धापा टाकत.

"बाजारात भाव नसता आला रे," रफिकभाई कण्हत म्हणाले.

मी कधी एकटाच जायचो, पुस्तक घेऊन. त्यालाही त्याची अट होती. "एकटं जावा, पन उतरल्यावर घरी येऊन 'आलो' म्हना. त्याबिगर मी जेवत न्हाई." एकदा मी विसरून थेट स्टँडवर गेलो, तर हा सायकल मारत तिथे हजर! "आलो म्हना," एवढंच बोलला. मी म्हटलं. तो वळून जेवायला गेला.

त्याला एकदा विचारलं होतं, तू स्वतःला का मोजत नाहीस?

"राखनाऱ्याला कोन मोजतंय, सर? समदी आली म्हंजी त्यो आलाच."

२००३ च्या पावसाळ्यात बिरू काविळीने गेला. चौतीस वर्षांचा होता. दवाखान्यात मला जवळ बोलावून म्हणाला, "थंडीत जावा. मोजनी तुमी करा, सर." मी घाबरट माणूस, चार लोकांत मोठ्याने बोललोय असं आठवत नाही. पण हो म्हणालो.

त्या डिसेंबरात कुणालाच जायचं नव्हतं. मीच सगळ्यांना निरोप पाठवले. मला एकच धास्ती होती. माझ्याशिवाय पाच जण, म्हणजे खिंडीत मला "दोन, चार, आन् एक" म्हणावं लागणार. आमच्यात त्या आकड्याचा अर्थ एकच होता — कुणीतरी मागे राहिलंय.

दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन. मी कातळाला टेकलो, नजर वर ठेवली. थाप, थाप... "दोन." थाप, थाप... "चार." शेवटी रफिकभाई. वर वाळलेलं गवत, पांढरी वाट, चिटपाखरू नाही. मी "आन्" म्हणायला तोंड उघडलं — आणि माझ्या हाताखालून सहावी पाठ गेली.

खरखरीत. लोकरीची. उन्हाने तापलेली.

तोंडातून "सहा" निघालं. वळून पाहिलं तर पुढे पाचच जण उतरत होते.

"सवय हो, सर. सात हिवाळे तेच ऐकलंय आपण," सतीश म्हणाला. जिभेचं मला पटतं. हाताचं पटत नाही. घोंगडी कुणाच्याच अंगावर नव्हती; सगळे स्वेटर नाहीतर जर्किनमध्ये होते, रफिकभाई तर नुसत्या शर्टात.

खाली बिरूच्या आईने अंगणात चहा दिला. डोंगरावरून आलो की ती नेहमी विचारायची, तसंच विचारलं, "समदी आली का?"

"आली, मावशी."

"किती?" हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं.

"सहा."

तिने आमच्यावरून नजर फिरवली. "तुमास्नी धरून?"

"मला सोडून."

मी घोंगडीचं विचारलं. "खुंटीला हाय की. कोन नेतंय?" आत जाऊन पाहिलं. खुंटीलाच होती, घडीवर धूळ तशीच.

बाहेर आलो तर मावशी ताट वाढून घेत होती. चार वाजत आले होते. "मोजलं न्हवं तुमी?" म्हणाली. "मग जेवते आता."

याचं स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही. पण एवढं अभिमानाने सांगतो, की सात हिवाळे बिरूने एकही माणूस डोंगरावर राहू दिला नाही, आणि ज्याला कुणीच मोजलं नव्हतं, त्याची मोजणी माझ्या हातून झाली. अजून दर थंडीत मी खिंडीत उभा राहतो. दोन, चार, आन् एक. पुन्हा कधी सहा आले नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही. एकदा खाली उतरलेला माणूस परत वर कशाला राहील?